गाडी दारात

एप्रिल अर्धा सरला तरी आयर्लंडमधल्या मीथच्या रानात गवत घोट्याच्या वर यायला तयार नव्हतं. पहाटे दव गोठायचं, दुपारी ऊन नुसतं दिसायचं, अंगाला लागायचं नाही, आणि दिवस कलला की पुन्हा कडाका. गाई व्यायलेल्या, दुधाला लागलेल्या, पण बाहेर सोडायची सोय नाही. गोठ्यात उभ्या उभ्या त्या जे खात होत्या ते सगळं मिलमधूनच जात होतं, आणि नावन गावाबाहेरच्या त्या पशुखाद्याच्या मिलमध्ये फोन उचलायला होती नंदिनी.

नुसता फोन उचलून भागत नव्हतं. वजनकाट्यावर ट्रॅक्टर घ्यायचे, पोत्यांची तोंडं शिवायची, ट्रक भरताना वरच्या नळाखाली उभं राहून झाकणं उघडायची. भुशाची बारीक धूळ नाकात, भुवयांत, मास्कच्या आत जाऊन बसायची. बोटांची पेरं थंडीनं फुटली होती आणि रात्री त्यांना तूप चोळून झोपावं लागायचं. लग्नाआधी ती पुण्यात बँकेत एसीखाली बसायची, हे तिलाच कधी कधी खोटं वाटायचं.

मिलला ट्रक एकच, आणि तो चालवणारा नोएलही एकच. साठीपलीकडचा, अंगानं आडवा, दोन्ही गुडघे कामातून गेलेला. केबिनमधून उतरताना तो एवढा कण्हायचा की अंगणातली कुत्री उठून बाजूला व्हायची. मे महिन्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मालक डेक्लन सरळ बोलणारा माणूस. त्यानं नंदिनीला सांगून टाकलं होतं, "एप्रिल संपायच्या आत लायसन्स आण, ट्रक तुझा. नाहीतर फेऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराला देऊन टाकतो. गाई थांबत नाहीत, नंदिनी."

नंदिनीला तो ट्रक हवा होता. मनापासून हवा होता, आणि हे सांगायची तिला लाज वाटत नव्हती. तीन वर्षं या देशात ती 'डॉक्टरांची मिसेस' होती. नवरा अंबरीश नावनच्या हॉस्पिटलात, आणि ही त्याच्या बदलीमागे, त्याच्या ड्युटीमागे, त्याच्या झोपेमागे. शिकाऊ लायसन्स काढून नोएलच्या शेजारी पहिल्यांदा ती त्या उंच सीटवर बसली, कुंपणांच्या वरून पलीकडची रानं दिसली, तेव्हा तिला वाटलं, आता कुठे आपण या देशात आलो.

पण घरात कुणाला सांगावं? अंबरीश ओळखीच्यांत सांगायचा, "ती लॉजिस्टिक्समध्ये आहे." त्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मित्राची बायको विभावरी व्हिडिओ कॉलवर एकदा म्हणाली, "अगं, ट्रक? म्हणजे खरोखरचा? काही कोर्स वगैरे कर ना, छान ऑनलाइन असतात." नंदिनी म्हणाली, "करतेय ना. रिव्हर्सचा." विभावरीला हसावं की नाही ते कळलं नाही.

आणि सासरे. मुरलीधर तीन महिन्यांसाठी म्हणून लेकाकडे आले होते आणि लॉकडाउनात अडकले ते अडकलेच. परतीचं विमान रद्द झालं, मग दुसरं रद्द झालं, मग तिकडे साथ वाढली म्हणून अंबरीशनंच जाऊ दिलं नाही. म्हातारा कराडचा. सगळं आयुष्य ट्रकवर गेलेलं. गूळ, साखर, कौलं भरून कुंभार्ली घाट उतरून कोकणात जायचं आणि परत यायचं. उजवा दंड अजून डाव्यापेक्षा काळा होता, खिडकीतल्या उन्हानं.

एवढा ट्रकवाला माणूस, त्याला तर आनंद व्हायला हवा. पण सुनेनं शिकाऊ लायसन्स काढल्याचं कळलं तेव्हा त्यांनी जेवणाचं ताट पुढं सरकवलं. "म्या स्टेरिंग धरलं ते पोरांनी धरू न्हाई म्हनून," ते म्हणाले. "डाक्टर केला त्याला. आन् आता त्याच्या घरात परत टरक?" त्यानंतर त्यांनी तो विषय तोंडातून काढला नाही. घाटातल्या गोष्टी मात्र सांगायचे, कारण त्यांच्याकडे दुसऱ्या गोष्टीच नव्हत्या.

त्या गोष्टींनीच फेब्रुवारीत घात केला.

पहिली परीक्षा घराजवळच होती. करोनामुळे परीक्षा जवळजवळ बंद, पण गुरांचं खाद्य पोचवणारे अत्यावश्यक, म्हणून नंबर लागला. रस्ते सगळे पायाखालचे. कुठल्या वळणावर खड्डा आहे, कुठल्या शाळेशी लहान मुलं धावत सुटतात, सगळं पाठ. अर्धा रस्ता लोण्यासारखा गेला. मग नदीवरचा तो अरुंद दगडी पूल आला, पलीकडून दुधाचा टँकर आला, आणि टँकरवाल्यानं दिवे मारले.

आता कराडकडे समोरच्यानं दिवे मारले तर त्याचा अर्थ एकच, मी येतोय, तू थांब. इथे नेमकं उलटं. इथे दिवे मारणारा म्हणत असतो, ये बाई, तू आधी ये. कार चालवताना नंदिनीला हे ठाऊक होतं. पण खाली बारा टनांचं धूड होतं आणि कानात सासऱ्यांचा घाट होता. डोक्याला कळायच्या आत पायानं ब्रेक दाबला. ट्रक हिसका खाऊन थांबला. टँकरही थांबलेला. त्यानं पुन्हा दिवे मारले, तशी ही आणखी कडेला सरली. मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी टँकरवाल्यानं खिडकीतून हात काढून लग्नात पाहुण्यांना पंगतीला बोलवावं तसं बोलावलं, आणि परीक्षकानं आपल्या टॅबलेटवर काहीतरी टिपलं. नापास.

मिलमध्ये ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. शेतकरी वजनकाट्यावर आले की ट्रॅक्टरचे दिवे मारायचे आणि हसायचे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी प्रत्येक वेळी नंदिनीच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

दुसरी तारीख मिळता मिळेना. मग एका दुपारी फोन आला, कुणीतरी रद्द केलेली एक जागा आहे, पण ती कासलबारला. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेयो परगण्यात. नंदिनीनं कासलबार नकाशातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. ती "चालेल" म्हणाली आणि मग फोन ठेवून खुर्चीत बसली.

नोएलनं डोकं खाजवलं. "तिथले रस्ते मलाही ठाऊक नाहीत. इथले ठाऊक असून तू..." पुढचं तो भल्या माणसासारखा गिळून गेला.

"इथले ठाऊक होते म्हणून काय झालं ते बघितलंस ना," नंदिनी म्हणाली. "आता न ठाऊक असलेले बघू."

"ग्रँड," नोएल म्हणाला, म्हणजे झकास. हा माणूस पायावर पोतं पडलं तरी ग्रँडच म्हणायचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. नंदिनीनं पिठलं केलं होतं आणि तव्यावरची भाकरी सासऱ्यांच्या ताटात टाकत होती. दिवसभर पाइप ओढून तिचा उजवा खांदा भरून आला होता, हात वर जात नव्हता. खाद्य शेतकऱ्याच्या टाकीत चढवायचं तर जाड रबरी पाइप खांद्यावर घेऊन ओढावा लागतो. नोएलला ते आता जमत नव्हतं, म्हणून ती त्याच्याबरोबर फेरीला जाऊ लागली होती. त्या दिवशी एका शेतकऱ्यानं तिला पाइप जोडताना पाहून विचारलं होतं, "ड्रायव्हर कुठाय?" ती म्हणाली, "तुझ्यासमोर." तो तरीही केबिनच्या मागे जाऊन बघून आला.

अंबरीश वाईट माणूस नव्हता. दिवसरात्र करोनाच्या वॉर्डात राबून त्याच्या नाकावर मास्कचा वळ कायमचा उठला होता. पण थकलेल्या माणसाची जीभ सैल असते. तो म्हणाला, "हे बघ, पास झालीस तर झालीस. पण तो ट्रक आपल्या इस्टेटीत, कॉलनीत आणू नकोस हं. इथं निम्मे लोक हॉस्पिटलचे आहेत. मिलवरच लाव आणि चालत ये."

मुरलीधरांचा हात पिठल्यात थांबला. त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग ताटाकडे. उरलेली भाकरी त्यांनी सावकाश संपवली, ताटात हात धुतले आणि उठून मागच्या दारात जाऊन उभे राहिले.

अंबरीश ड्युटीवर गेल्यावर नंदिनी भांडी घेऊन मागे आली. म्हातारा पाठमोराच बोलला.

"मिरजंला शिकत हुता त्यो. मेडिकलला. म्या गुळाची गाडी घिऊन जायाचो, वाटंत त्याला डबा द्यायाचो. पैल्या वर्साला म्हनला, बाबा, गाडी गेटाशी नका आनू. पल्याड लावा, चालत या."

"मग?"

"मग काय. लावली पल्याड. सारी वर्सं लावली."

नंदिनीनं भांडी खाली ठेवली. "तुम्हाला काही वाटलं नाही, बाबा?"

"वाटून कुनाला सांगायचं? डबा गार व्हायचा, तेवडंच." मग ते वळले. डोळे कोरडे होते, पण जबडा घट्ट आवळलेला. "उद्या पास झालीस तर गाडी हितं दारात आन. मला बगायचीया."

"आणि नापास झाले तर?"

"तरी आन."

सकाळी अंधार फिटायच्या आत ट्रक मिलमधून निघाला. परीक्षेला ट्रक भरलेला लागतो, म्हणून आत वासरांचं खाद्य भरलं होतं. शेजारी नोएल, गुडघ्यांवर घोंगडी टाकून. रस्त्यात पोलिसांनी अडवलं, कुठे, कशाला. नंदिनीनं कागद दाखवले. पोलिसानं कागद पाहिले, तिला पाहिलं, मग नोएलला विचारलं, "ही चालवतेय?" नोएल म्हणाला, "मग मी चालवतोय असं दिसतंय का?"

लाँगफर्ड गाव मागे पडलं, शॅनन नदी ओलांडली, आणि रानाचा रंग बदलत गेला. मीथची जाड काळी माती संपली. दगडांच्या बुटक्या भिंती आल्या, त्यांच्यामध्ये हातरुमालाएवढी शेतं, आणि पाठीवर निळे-तांबडे डाग लावलेल्या मेंढ्या. दूर एक टोकदार डोंगर ढगात डोकं खुपसून बसला होता. इथला एकही दगड नंदिनीच्या ओळखीचा नव्हता. पण स्टिअरिंगवरची पकड ती सैल सोडत नव्हती.

परीक्षक बाई होत्या. उंच, करड्या केसांच्या, मास्कवरून फक्त डोळे दिसणाऱ्या. नोएलला त्यांनी आवारात उतरवलं. सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या, करोनाचा नियम म्हणून. नंदिनीनं टायर दाखवले, तेल दाखवलं, दिवे दाखवले. वळणावरून मागे घ्यायला लावलं तेव्हा ट्रकचं बूड फुटपाथच्या कडेला समांतर असं बसलं की तिचं तिलाच बरं वाटलं.

मग गाव. गोल चौक, बाजाराचा उतार, बंद दुकानं, हॉस्पिटलकडे जाणारी ॲम्ब्युलन्स. पुढचं वळण कुठे निघेल ठाऊक नाही, म्हणून ती प्रत्येक पाटी वाचत होती, प्रत्येक आरसा बघत होती. नावनला ती आठवणीवर चालवत होती. इथे डोळ्यांवर चालवत होती. उघड्या खिडक्यांतून वारा असा घुसत होता की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायलाही हात रिकामा नव्हता.

"पुढे डावीकडे," बाई म्हणाल्या, आणि रस्ता एकदम बारीक झाला. दोन्हीकडे दगडी भिंती. उतार. आणि उताराच्या तळाशी पूल.

नंदिनीनं वेग कमी केला. पूल तसाच, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. पलीकडून ट्रॅक्टर येत होता, मागे काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले चाऱ्याचे मोठाले गठ्ठे. त्यानं दिवे मारले.

या वेळी पाय शिकलेला होता. दोन महिने नोएलनं तिला हेच घोटून घेतलं होतं, दिवे मारले की जायचं, थांबायचं नाही. पाय ब्रेकवरून सुटला, ट्रक पुढे सरकला.

आणि तिला दिसलं की ट्रॅक्टर हळू होत नाहीये. चालवणाऱ्या म्हाताऱ्याचं तोंड पुलाकडे नव्हतंच. तो बाजूच्या शेताच्या फाटकाकडे बघत होता, आणि तिथे बादली घेतलेली एक बाई त्याला हात करत होती. दिवे त्या बाईला होते.

होते ना? की आपल्याला होते? शेजारी परीक्षक बाईंचं बोट टॅबलेटवर टेकलं होतं. मागच्या वेळी अशाच पुलाशी थांबलो आणि नापास झालो. पुन्हा पुलाशी थांबलो तर मिलमध्ये तोंड दाखवता येणार नाही, ट्रक कंत्राटदाराला जाणार, आणि विभावरी छानसा कोर्स सुचवणार. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं आणि तिला एकदम राग आला. टँकरवाल्याचा, अंबरीशचा, त्या बोटाचा. नापास करायचं तर करा, ती मनात म्हणाली. मला दिसतंय ते मला दिसतंय.

तिनं ट्रक भिंतीला लावून उभा केला आणि हँडब्रेक ओढला.

ट्रॅक्टरवाल्यानं मान पुढे वळवली ती पूल अर्धा झाल्यावर. समोर ट्रक बघून तो दचकलेला तिला स्पष्ट दिसला. पण थांबायला आता उशीर झाला होता. तो तसाच पुढे आला आणि गठ्ठे आरशापासून वीतभर अंतर ठेवून सरसरत गेले. जाताना त्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. इकडच्या रानात राम राम तो एवढाच. नंदिनीनंही एक बोट उचललं. मग आरसे पाहिले, हँडब्रेक सोडला, आणि पूल ओलांडला.

आवारात परत आल्यावर बाईंनी टॅबलेट मांडीवर ठेवला. "पुलावर तू निघाली होतीस. मग थांबलीस का?"

"त्यानं दिवे मला मारले नव्हते."

बाईंनी टॅबलेटवरून बोट फिरवलं. "दोन ठिकाणी आरसा उशिरा पाहिलास," त्या म्हणाल्या. "बाकी पास आहेस."

नोएल आवारात थर्मासमधला चहा पीत उभा होता. नंदिनीनं खिडकीतून अंगठा दाखवला. त्यानं थर्मास खाली ठेवला, टोपी काढली, आणि त्या गुडघ्यांनी एक उडी मारायचा प्रयत्न केला. पुढचा सगळा रस्ता तो कण्हत होता आणि ग्रँड म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी नंदिनीची एकटीची होती. ती सकाळी मिलमधून निघाली आणि मुख्य रस्त्यानं सरळ न जाता घराकडे वळली. इस्टेटीत विटांची सारखी घरं, सारखी दारं, सारख्या कुंड्या. त्यांच्यामधून तो आठ चाकांचा ट्रक निघाला तसे पडदे सरकायला लागले. टोकाला जाऊन तिनं ट्रक वळवला, दोन दमांत, आणि आपल्या दारासमोर आणून उभा केला.

मुरलीधर आधीपासूनच बाहेर होते. स्वच्छ सदरा, वर लेकाचा जाडजूड कोट, डोक्याला टोपी. त्यांनी ट्रकला एक फेरी मारली. प्रत्येक टायरला बुटाच्या टोकानं ठोकलं. बॉनेटवर तळहात ठेवला आणि काही वेळ तिथेच राहू दिला. मग सवयीनं ते उजवीकडच्या दाराशी आले आणि पायरीवर पाय टाकून वर बघितलं.

वर नंदिनी बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "पलीकडून."

सगळ्या जन्मात त्या बाजूनं ते चढले नव्हते, पोरवयात क्लीनर होते तेवढं सोडून. मग पाय खाली घेतला, ट्रकच्या तोंडाला वळसा घालून पलीकडे गेले, आणि नोएलपेक्षा चटकन वर येऊन क्लीनरच्या जागेवर बसले.

"मालकाला इचारलंस न्हवं, मला बसवायला?"

"विचारलं. म्हणाला, पाइप ओढणार असेल तर चालेल."

"वडू की," मुरलीधर म्हणाले.

ट्रक इस्टेटीच्या तोंडाशी आला आणि समोरून अंबरीशची गाडी आत वळली. रात्रपाळी संपवून येत होता. रस्ता एकाच गाडीचा. गाडीच्या काचेतून त्याचा चेहरा दिसत होता, नाकावरचा वळ, आणि उघडं राहिलेलं तोंड. आजूबाजूच्या दोन दारांत हॉस्पिटलचे लोक चहाचे कप घेऊन उभे. अंबरीशनं दिवे मारले. ते दिवे कराडचे की नावनचे, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"दिवं मारतुया," मुरलीधर म्हणाले.

"मारू दे," नंदिनी म्हणाली. तिनं हँडब्रेक सोडला.

म्हाताऱ्यानं काच खाली केली, काळा उजवा दंड वळवून अर्धं अंग बाहेर काढलं आणि लेकाला तळहात दाखवला, मागं घे म्हणून. अंबरीशनं बापाकडे पाहिलं. मग त्याच्या गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले आणि ती हळूहळू मागे सरकू लागली, मोठ्या रस्त्यापर्यंत, कडेला.

मुरलीधरांनी दाराच्या पत्र्यावर बाहेरून दोनदा थाप मारली. कुंभार्लीपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्या ट्रकवाल्यांना कळतं तसं, जाऊ दे.

नंदिनीनं जाऊ दिला.